‘लैला’ : उजाड शहराची अर्धी कहाणी

“तुम्ही ती ‘लैला’ बघितली म्हणे. बघण्यासारखी आहे का?” आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाजींनी विचारले. नावावरून त्यांना वाटले होते की लैला-मजनूच्या जुन्याच किश्शाला नवे कपडे चढवले असतील. आम्ही म्हटले, “बाजी, इथली लैला एक लहानगी मुलगी आहे, आणि तिच्यासाठी रानोमाळ भटकणारी मजनू म्हणाल तर तिची आई.” त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “फार जीव घाबरा करते का? घरी बातम्या लागल्या की अब्बा उठून दुसऱ्या खोलीत जातात. मग पैसे भरून वर पुन्हा तेच कशाला बघायचे?” तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते इथे देण्याचा हा प्रयत्न आहे.

बाजींचा प्रश्न साधा असला तरी टाळण्यासारखा नाही. आपल्या समीक्षेत ‘अस्वस्थ करणारी कलाकृती’ हे शब्द एव्हाना प्रशस्तिपत्रासारखे वापरले जातात. अस्वस्थ केले म्हणजे कलाकृती मोठी, असा एक समज रूढ झाला आहे. परंतु जो वाचक किंवा प्रेक्षक मुळातच अस्वस्थ आहे, त्याला आणखी अस्वस्थ करून एखादी कलाकृती काय देते? भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथल्या घरात बसून दुःस्वप्नाची मालिका पाहणे आणि सुरक्षित वस्तीतल्या दिवाणखान्यात ती पाहणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मनात ठेवूनच आम्ही ‘लैला’ पाहिली.

आधी थोडी माहिती. ‘लैला’ ही सहा भागांची मालिका १४ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर आली. तिचा आधार प्रयाग अकबर यांची त्याच नावाची इंग्रजी कादंबरी (२०१७). दिग्दर्शन दीपा मेहता, शंकर रमण आणि पवन कुमार यांचे. पटकथेची मुख्य जबाबदारी उर्मी जुवेकर यांची, म्हणजे ‘ओये लकी! लकी ओये!’च्या लेखिकेची. त्यांच्याबरोबर सुहानी कंवर आणि पॅट्रिक ग्रॅहम. काळ इसवी सन २०४७ च्या आसपासचा. देशाचे नाव आर्यावर्त. शहर उंच भिंतींनी जातीजमातींच्या वस्त्यांमध्ये तोडलेले आहे, हवा काळी पडली आहे, पाणी सोन्याच्या भावाचे आहे. शालिनी (हुमा कुरेशी) ही हिंदू स्त्री, तिचा नवरा रिझवान चौधरी (राहुल खन्ना) मुसलमान. त्यांची लेक लैला ह्या राज्याच्या लेखी ‘मिश्रित’. घरच्या तलावात तिघे खेळत असताना टोळी घुसते, रिझवान मारला जातो, लैला नाहीशी होते आणि शालिनीची रवानगी ‘शुद्धी’साठी एका केंद्रात होते. पुढची सगळी कथा म्हणजे तिने लेकीचा घेतलेला शोध.

मालिका आली तेव्हा तिच्यावर दोन बाजूंनी शेरे पडले. एका बाजूला हा धर्माचा अपमान आहे अशी ओरड झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत एका राजकीय कार्यकर्त्याने नेटफ्लिक्सविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, तिच्यात ‘लैला’चेही नाव होते. दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांत ‘चला, कोणीतरी आपली बाजू मांडली’ म्हणून समाधानाचा सूर होता. दोन्ही बाजूंनी मालिका कोणत्या पक्षाची एवढेच पाहिले. तिने काय दाखवले आणि काय दाखवले नाही, ह्याची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

अशा कलाकृतीला कसोटी कोणती लावायची? इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात तो प्रकार बहुधा पश्चिमेकडूनच आपल्याकडे आला असे आपण धरून चालतो. परंतु उजाडलेल्या, उलट्या झालेल्या शहराची कविता उर्दूत अडीचशे-तीनशे वर्षे आहे. तिला ‘शहराशोब’ म्हणतात. सौदा, मीर, नजीर अकबराबादी ह्या सगळ्यांनी ती लिहिली. १८५७ नंतर दिल्ली उद्ध्वस्त झाली तेव्हा अशा कवितांचा एक संग्रहच ‘फुगान-ए-दिल्ली’ नावाने १८६३ मध्ये निघाला. शहराशोबाची एक रीत आहे. कवी नुसता ‘शहर मेले हो’ म्हणून ऊर बडवत नाही. तो एकेका धंद्याच्या दारात जातो. शिपायाचे काय झाले, सौदागराचे काय झाले, शायर आणि मुल्ला कसे जगत आहेत. नजीरच्या आग्र्यात तर बाजारातले कसबी हातावर हात धरून बसलेले दिसतात. ऐकणाऱ्याला आधी शहर कळते, मग त्याचे मरण कळते. काय गमावले हे ठाऊक असल्याशिवाय गमावल्याचे दुःख होत नाही, ही त्या कवींची समज होती. ‘लैला’ला आम्ही हीच कसोटी लावली.

काही ठिकाणी मालिका तिला पुरी उतरते. पहिले म्हणजे पाणी. श्रीमंत जोडप्याच्या तलावातले निळे पाणी आणि भिंतीबाहेर थेंबासाठी तडफडणारी माणसे, ह्या एका विरोधातून सगळी समाजव्यवस्था उभी राहते. टोळी येते ती धर्माचे नाव घेऊन, पण पाण्याचा हिशेबही मागते. मराठवाड्यातल्या वाचकाला ह्यात भविष्य मुळीच वाटणार नाही. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले होते, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणले गेले. पाण्यासाठी जमणे हा जिथे गुन्हा होऊ शकतो, तिथे आर्यावर्त किती दूर ते ज्याचे त्याने मोजावे.

दुसरे म्हणजे शालिनीचा वर्ग. मालिका आपल्या नायिकेला पाठीशी घालत नाही, हा तिचा मोठा गुण. सुखाच्या दिवसांत शालिनीच्या घरी सपना नावाची बाई लैलाला सांभाळायला होती. शालिनी तिच्याशी वाईट वागत नसते, परंतु ती तिला दिसतही नसते. दिवस फिरल्यावर हीच शालिनी दुसऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून राबते आणि तिथल्या मालकांना ती दिसत नाही. आणि लैला जिच्या घरी वाढते आहे ती कोणी राक्षसीण नाही, सपनाच आहे. भिंती सरकारने बांधल्या हे खरे, पण त्यांचा पाया शालिनीसारख्यांच्या घरात आधीच भरला गेला होता, हे मालिका न बोलता सांगते. हुमा कुरेशीने हे अवघडलेपण फार संयमाने दाखवले आहे. तिच्या चेहऱ्यावर रडण्यापेक्षा ओशाळलेपणा जास्त वेळा येतो, आणि तोच लक्षात राहतो.

शुद्धी केंद्राची दृश्ये मात्र आम्हाला संमिश्र वाटली. आरिफ झकारियाचा ‘गुरू माँ’ थंड आवाजानेच काटा आणतो. उष्ट्या पानांवरून बायकांना लोळायला लावण्याचे दृश्य पाहून कोणी म्हणेल, ही अतिशयोक्ती झाली. ती तशी नाही. कर्नाटकात कुक्के सुब्रह्मण्य इथे ब्राह्मणांच्या उष्ट्या पत्रावळींवरून लोळण्याची ‘मडे स्नान’ नावाची प्रथा होती आणि तिच्याविरुद्ध तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे लढावे लागले. मार्गारेट ॲटवूडने ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) लिहिताना एक पथ्य पाळले होते : माणसाने इतिहासात कुठेतरी प्रत्यक्ष केलेले नाही असे काहीच घालायचे नाही. ह्या दृश्यापुरते ‘लैला’नेही ते पाळले आहे. पण पुढे गोळ्या, घोषणा, गणवेश, रांगा ह्यांची इतकी गर्दी होते की ‘हँडमेड्स टेल’च्या २०१७ पासून आलेल्या मालिकेची नक्कल पाहत आहोत असे वाटू लागते.

इथे आम्हाला राजिंदरसिंह बेदींची ‘लाजवंती’ आठवली. फाळणीत पळवलेल्या बायका शोधून परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला होता, त्या दिवसांची ही कथा. सुंदरलाल स्वतः ह्या बायकांना मनात जागा द्या म्हणून प्रभातफेऱ्या काढतो. त्याची लाजो परत येते. तो तिला मारत नाही, टाकत नाही. तो तिला देवी म्हणतो आणि तिची कहाणी ऐकून घ्यायचे टाळतो. ती बसते आणि उजाडते. त्या कथेत एकही पहारेकरी नाही, एकही भिंत नाही, गोळी तर नाहीच. शुद्ध-अशुद्धाचे विष प्रेमाच्या वाटीतून पाजले जाते. बेदींनी थोड्या पानांत जे केले त्याला ‘लैला’ची केंद्रातली सगळी दृश्ये मिळूनही गाठू शकत नाहीत.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. ज्या माणसाशी लग्न केले म्हणून शालिनीवर हे सगळे ओढवले, तो रिझवान कोण होता? पहिल्याच भागात तो मारला जातो. त्यानंतर तो उरतो तो आठवणींच्या तुकड्यांत : देखणा, सुसंस्कृत, उत्तम इंग्रजी बोलणारा. तो कुठल्या मोहल्ल्यातून आला, त्याचे आईवडील काय म्हणाले, ईदला हे घर कसे दिसत होते, तो नमाज पढत होता की नव्हता, ह्यातले काही हाती लागत नाही. कादंबरीत निदान रिझ मेल्यानंतरही शालिनीशी बोलत राहतो, तिच्या मनात घर करून असतो. मालिकेने त्याचा हा आवाजही बराचसा काढून घेतला. मग मुसलमान म्हणून पडद्यावर मोठे काय उरते? ताजमहाल. तो स्फोटाने उडवताना दाखवला आहे. दृश्य परिणामकारक आहे, पण त्यात निर्मात्यांची नजर उघडी पडते. त्यांना मुसलमान दोनच रूपांत दिसला, हिंदू बाईचा नवरा म्हणून आणि इमारत म्हणून. शहराशोबाचा कवी ताजमहालापाशी थांबला नसता. तो आधी बिर्यानीवाल्याकडे, रफूगाराकडे, मुलांना अलिफ-बे शिकवणाऱ्याकडे गेला असता.

रिझवानच्या भावाचा ह्या घातात हात असतो, ही गोष्ट मालिकेत आहे आणि ती धाडसी आहे. आपल्या लोकांनी ह्यावर नाराज होऊ नये. घाबरलेली जमात बाहेरच्या भिंतीला आतून आणखी एक भिंत घालते, आपल्या मुलाने बाहेरची सून आणली तर तीही डोळे फिरवते, हे आपण आपल्या घराघरांत पाहिलेले आहे. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ (१९६५) मध्ये कोकणातल्या गावातली दोन्हीकडची माणसे मांडली, तेव्हा आपल्या माणसांनाही सोडले नाही. पण दलवाईंच्या गावातला प्रत्येक माणूस का तसा वागतो हे आपल्याला समजते. इथे भाऊ नुसता दगा देतो. कोणत्या भीतीने, कोणत्या सौद्याने, कोणत्या रात्री त्याने हे ठरवले, ह्याकडे कॅमेरा वळत नाही. एक संपूर्ण भाग त्याला दिला असता तर ‘लैला’ फार मोठी झाली असती. आंतरधर्मीय लग्न हा विषय काल्पनिक राहिलेला नाही. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये धर्मांतराविषयीचा अध्यादेश आला, महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी ‘परिवार समन्वय समिती’ नेमली. मालिकेला पुढे जे दिसले ते दिसलेच. पण अशा लग्नात दोन घरे असतात, आणि तिने एकाच घरात पाऊल टाकले.

भिंतींबाबतही तेच. २०४७ साली जमातवार वस्त्या होतील अशी भीती मालिका घालते. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली किती कुटुंबे मुंब्र्याला आली, अहमदाबादेत जुहापुरा कसे फुगत गेले, हे ज्यांनी पाहिले त्यांना ह्या भीतीचे नवल वाटत नाही. घर भाड्याने किंवा विकत घेताना मुसलमानांना येणाऱ्या अडचणींची आणि त्यातून होणाऱ्या कोंडीची नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली होती. ज्यांना ही कोंडी कधी भोगावी लागली नाही त्यांच्यासाठी ‘लैला’ हा इशारा आहे. आपल्यासाठी ती पत्ता बदललेली जुनी चिठ्ठी आहे. मालिकेचा अपेक्षित प्रेक्षक आपण नव्हतो, हे मान्य करून पाहिले तर राग कमी येतो. आमचाही तसाच कमी झाला.

तुलनेसाठी ‘घूल’चा उल्लेख केला पाहिजे. ‘लैला’च्या पटकथाकारांपैकी पॅट्रिक ग्रॅहम यांनीच ती लिहून दिग्दर्शित केली. ऑगस्ट २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, फक्त तीन भाग. ‘गूल-ए-बयाबानी’ची भीती घालून ज्यांना दादी-नानीने झोपवले त्यांना शब्द ओळखीचा आहे. निदा रहीम (राधिका आपटे) ही लष्करी शिक्षण घेणारी मुलगी. तिचा बाप प्राध्यापक, पुस्तकवाला, सरकारवर टीका करणारा. ती स्वतः त्याला सरकारच्या हवाली करते, कारण तो सुधारून परत येईल असे तिला मनापासून वाटते. पुढे भुताखेताचा, रक्ताचा भाग बराच आहे आणि तो आम्हाला रुचला नाही; कमकुवत जिवाच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण बाप-लेकीतले ते सुरुवातीचे अंतर ‘लैला’तल्या कुठल्याही मुसलमान पात्रापेक्षा खरे आहे. निदाला कोणी धमकावलेले नाही. तिला शिकवलेले आहे.

आणि ‘लैला’चा शेवटही इथेच येऊन पोचतो. एवढे भोगून, एवढ्या भिंती ओलांडून शालिनी लेकीसमोर उभी राहते. कादंबरीत ताटातुटीला सोळा वर्षे झालेली असतात, मालिकेत मात्र फार काळ गेलेला नसतो. मुलीचे नाव आता विजया आहे. मी तुझी आई, असे शालिनी सांगू पाहते. मुलगी न घाबरता, न रडता, पाठ केलेला धडा म्हणावा तसे सांगते की आपली आई आर्यावर्त आहे.

ह्या क्षणी आम्ही मालिका थांबवली आणि थोडा वेळ तसेच बसलो. मारहाण, उष्टी पाने, उडवलेला ताज, ह्यांपैकी कशानेही हे झाले नव्हते. ज्याने रोज सकाळी चाळीस मुलांसमोर उभे राहून काही ना काही पाठ करून घेतले आहे त्याला तो स्वर ओळखता येतो. अर्थ न कळता शब्द बरोबर आले की मुलाच्या चेहऱ्यावर जो एक समाधानाचा भाव येतो, तो त्या छोट्या मुलीच्या चेहऱ्यावर आहे. आम्हीही त्या भावाला ‘शाबाश’ म्हणतो. बी.एड.ला आम्हाला आशय, पद्धती, मूल्यमापन हे सगळे शिकवले. पाठांतर चांगले झाले म्हणून मूल कशाला मुकले हे कसे तपासायचे, त्याचा तास झाला नाही. ‘लैला’च्या राज्यात सैनिक आहेत, टोळ्या आहेत, पण ते राज्य टिकणार आहे ते त्या न दाखवलेल्या शाळेमुळे. दिग्दर्शकांनी एखादा वर्ग, एखादी शिक्षिका दाखवली असती तर? ती शिक्षिका बहुधा वाईट बाई नसती. तिलाही पगार वेळेवर हवा असता, निकाल चांगला हवा असता.

मालिकेचा दुसरा भाग पुढे आला नाही, त्यामुळे कथा इथेच तुटलेली राहिली आहे. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. ह्या दृश्यानंतर सुटकेची धावपळ दाखवली असती तर ते पुसले गेले असते.

तर बाजींचे उत्तर. ‘लैला’ पाहावी. सलग पाहू नये, रात्री पाहू नये, आणि घरातल्या लहान मुलांसोबत तर नकोच. पहिला भाग पाण्यासाठी आणि शेवटचा त्या मुलीसाठी. मधले केंद्रातले प्रसंग जड वाटले तर उठून चहा ठेवावा, फारसे बिघडत नाही. आपली कहाणी तिच्यात सापडेल अशा आशेने मात्र पाहू नये. आणि अब्बांना आग्रह करू नये. ज्यांनी दंगलीत घर सोडले त्यांच्यावर आणखी काही पाहण्याचे कर्ज नाही.

बाजींनी दोन आठवड्यांनी पाहून संपवली. आम्हाला वाटले होते की त्या शेवटाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, “एक सांगा, रिझवान लेकीशी कोणत्या जबानीत बोलत असेल हो? तिला झोपवताना?” आम्ही आठवून पाहिले. आठवले नाही.